जिउ-जित्सूचा अंगरखा आणि आमचा तोट्याचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडीहून कोरे कापड उचलावे, प्रोसेस करून घ्यावे आणि मुंबईच्या बाजारात घालावे, यातच तीस वर्षे गेली. राहणे भांडुपला. कुस्तीच्या खेळावर लिहिण्याचा आम्हाला अधिकार तो काय, असे वाचक विचारतील. परंतु गेल्या वर्षी या खेळाने आमच्या वखारीत पाऊल ठेवले, आमचे नुकसान केले आणि जाताना एक धडा देऊन गेला. तो व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा, सबब हे लिहीत आहोत.

भांडुप ही कोकणातून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. इथल्या मुलांचा आवडता खेळ म्हणजे कबड्डी. आमचे धाकटे चिरंजीवही तेच खेळत. मग दोन वर्षांपूर्वी ते मगरिबनंतर लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरील तालमीत जाऊ लागले. चौकशी केली तेव्हा समजले की तिथे जिउ-जित्सू शिकवतात.

हा खेळ मूळ जपानचा. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत जुन्या जिउ-जित्सूतून जुडो उभा केला. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले आणि तिथे ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलून जमिनीवरच्या डावांना नवे रूप दिले. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे रॉयस ग्रेसी या सडपातळ मल्लाने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना हार कबूल करायला लावली, आणि या खेळाचे नाव जगभर झाले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जुजित्सूला प्रथमच स्थान मिळाले.

एका संध्याकाळी आम्ही स्वतः तालमीत जाऊन बसलो. आमच्या डोक्यात कुस्ती म्हणजे १९५२ साली हेलसिंकीत पदक आणणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि लाल मातीतली चीतपट. पाठ टेकली की निकाल. इथे उलट! पोरे खुशाल पाठीवर पडून लढत होती. कोणी मनगट पिळतो, कोणी पायांनी मान आवळतो, आणि ज्याला सुटता येत नाही तो समोरच्याच्या अंगावर दोनदा हात आपटतो. यास 'टॅप' म्हणतात. टॅप झाला की पकड तत्काळ सुटते, दोघे हात मिळवतात आणि पुन्हा लढू लागतात.

आम्हास हे रुचले नाही. घरी येताना म्हणालो, "हात आपटून हार मानायची, ही कसली पहिलवानी?"

चिरंजीव म्हणाले, "अब्बा, टॅप केला तर दोन मिनिटांनी पुन्हा खेळता येते. हात मोडला तर सहा महिने घरी बसावे लागते."

उत्तर आम्हाला पळपुटे वाटले. मात्र आमची नजर तोवर दुसरीकडे गेली होती, ती त्यांच्या अंगावरच्या कापडाकडे.

हा खेळ अंगाला चिकटणाऱ्या बनियनवरही खेळतात. परंतु त्याचा खरा पोशाख म्हणजे गी. जाड सुती अंगरखा, पायजमा आणि कमरेला पट्टा. अंगरख्याचे कापड मोत्याच्या दाण्यासारखे उठावाचे असते, त्यास पर्ल विणकाम म्हणतात. गळपट्टी इतकी टणक की मुठीत धरून माणूस ओढावा. पायजमा ड्रिलचा, गुडघ्यावर दुहेरी. किंमत ऐकली तेव्हा आम्ही थक्क झालो. बाहेरून आलेला चांगला गी काही हजारांच्या घरात जातो.

यात व्यापाराचा एक धागा आहे. अशा पोशाखांचे जगातले एक मोठे केंद्र म्हणजे पाकिस्तानातील सियालकोट. १९४७ च्या फाळणीनंतर तिथले बरेच खेळसाहित्याचे कारागीर जालंधर आणि मेरठला आले व त्यांनी तिथे हा धंदा वसवला. पाकिस्तानी मालावर २०१९ च्या फेब्रुवारीत २०० टक्के आयात शुल्क बसले आणि २०२५ च्या मे महिन्यात तिथून आयात पूर्णच बंद झाली. आम्ही विचार केला, कापूस आपला, माग आपले, शिवणारे हात आपले, मग हा माल आपण का करू नये? विचार चूक नव्हता. चूक घाईत झाली.

भिवंडीच्या साध्या मागावर असे कापड निघत नाही, त्यास डॉबी लागते. सोलापूरकडे टॉवेल विणणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदाराकडून आम्ही कापड विणून घेतले. नमुना न काढता एकदम २०० मीटर! आणि जितके जाड तितके मजबूत, या समजुतीने वजन ठेवले ५५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५५० ग्रॅम. पहिला गी शिवून धुतला, तर बाह्या आखडून मनगटाच्या बऱ्याच वर आल्या. महासंघाच्या नियमानुसार बाही मनगटापासून पाच सेंटिमीटरहून अधिक वर चालत नाही. कापड अगोदर पाण्यातून काढून आटवून घ्यायचे, हे ज्याने तीस वर्षे कापड विकले त्यानेच विसरावे! दुसरा गी आटवून शिवला. तो अंगावर छान बसला, आणि चिरंजीव तोच घालून स्पर्धेला गेले.

आता स्पर्धेचा नियम ऐका. या खेळात वजन गीसकट होते, तेही पहिल्या लढतीच्या अगदी आधी आणि एकदाच. चिरंजीवांचा गट ६४ किलोंचा. घरच्या काट्यावर साध्या कपड्यांत ते ६२ किलो २०० ग्रॅम भरले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. स्पर्धेच्या काट्यावर आकडा आला ६४ किलो ४००. पंचांनी मान हलवली. मॅटवर पाऊल न ठेवता मुलगा बाद! चार महिन्यांची मेहनत आमच्या कापडाने बुडवली. परतीच्या लोकलमध्ये तो एक शब्द बोलला नाही, आणि आम्हालाही बोलायला तोंड नव्हते.

रात्री कागद घेऊन बसलो. अंगरख्याला दीड मीटर पन्ह्याचे दोन मीटर कापड लागते. ५५० जीएसएमने ते १,६५० ग्रॅम भरते, ३५० जीएसएमने १,०५०. कातरण वजा केली तरी अंगावर अर्धा किलोचा फरक. हा हिशेब पाचवीतला मुलगा करील. आम्ही तो कापड विणून झाल्यावर केला.

प्रश्न उरला शिल्लक मालाचा. पावणेदोनशे मीटरहून अधिक कापड वखारीत पडून होते. मन म्हणत होते, आणखी पैसे घाला, गी शिवून टाका, कोणीतरी घेईलच. तेव्हा अक्रम पहिलवानांची गोष्ट आठवली. ते थोर गामा पहिलवानांच्या घराण्यातले. १९७६ च्या डिसेंबरात कराचीत जपानच्या अंतोनियो इनोकीने त्यांचा हात पिळून धरला. अक्रमनी हार कबूल केली नाही. हात जायबंदी झाला आणि लढत थांबवावी लागली. चिरंजीवांच्या तालमीत याच पकडीला 'किमुरा' म्हणतात. १९५१ साली ब्राझीलमध्ये जपानच्या किमुरांनी हेलिओ ग्रेसींवर ती टाकली होती. हेलिओंनीही टॅप केला नाही, शेवटी त्यांच्या बाजूच्यांनीच लढत थांबवली. या मल्लांच्या जिद्दीस सलाम. पण घराण्याचे नाव पणाला लावून लढणारा मल्ल वेगळा आणि उधारीच्या मालावर अडून बसणारा व्यापारी वेगळा. आमच्या अडून बसण्याची किंमत दुकानातल्या नोकरांच्या पगारातून गेली असती.

आम्ही टॅप केला. सगळे कापड पायपुसणी करणाऱ्याला दिले, रुपयाचे दहा आणे हाती आले. त्या दहा आण्यांतून सोलापूरच्याच मागावर ३५० जीएसएमचे ४० मीटर कापड काढले, सॅन्फोराईज करून घेतले, आणि सहाच गी शिवले. पहिला चिरंजीवांना. बाकीचे तालमीतल्या मुलांना लागत भावात, या अटीवर की तीन महिने वापरून उसवेल ते आम्हाला येऊन दाखवायचे. दोघांचे काखेत उसवले, तिथे आता दुहेरी पट्टी लावतो.

पुढच्या स्पर्धेत काट्याने ६३ किलो ८०० दाखवले. मुलाने पहिली लढत जिंकली. दुसरीत कोपराच्या पकडीत सापडला आणि त्याने टॅप केला. आम्ही समोरच बसलो होतो. या वेळी मान खाली घालावीशी वाटली नाही. तो उठला, प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीत गेला.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या बंधूंना आमचे इतकेच सांगणे आहे. आधी नियम वाचा, मग सूत भरा. कापड आटवल्याशिवाय कात्री लावू नका. ताग्याआधी नमुना काढा. आणि माल गळ्याशी आला तर वेळेवर हात आपटायला लाजू नका. भांडवलाचे हाड शाबूत राहिले, तर पुन्हा बाजारात उभे राहता येते.