यंत्राने दिलेला निकाल

नोकरीसाठी आलेले शेकडो अर्ज चाळण्याचे काम आता अनेक ठिकाणी संगणक करतो. लोकांना हे कितपत पसंत आहे? अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० प्रौढांची पाहणी केली. कुणाला नेमायचे याचा अंतिम निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेने घ्यावा, या कल्पनेला ७१ टक्के लोकांनी विरोध दर्शवला. यंत्राने नुसते अर्ज तपासायला मात्र ४१ टक्क्यांचाच विरोध होता. गंमत म्हणजे, सर्व उमेदवारांना सारखेच वागवण्यात यंत्र माणसापेक्षा सरस ठरेल, असे ४७ टक्के लोक म्हणाले. मग निर्णय त्याच्या हाती का नको?

यासाठी अशी प्रणाली शिकते कशी, ते पाहू. 'चांगला उमेदवार' म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगत नाही. तिला जुने अर्ज दिले जातात आणि त्यांतली साम्ये ती हुडकते. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अशी प्रणाली बनवायला घेतली. तिला दिलेले दहा वर्षांतले अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी, ज्या अर्जात 'महिला' हा शब्द येई, त्याचे गुण ती कमी करू लागली. अखेर कंपनीने तो प्रयोग गुंडाळला. फूटपट्टी सर्वांना एकच होती, पण ती वाकडी होती!

कामावरून काढताना प्रश्न अधिक गंभीर होतो. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांवरून शिक्षकांना गुणांक दिला जाई. तो कमी आल्यास नोकरी जाण्याची भीती असे. ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, संख्याशास्त्रीय प्रारूप होते. पण आकडेमोडीचा तपशील खाजगी कंपनीचे गुपित होता. शिक्षक संघटना २०१४ मध्ये न्यायालयात गेली. आपला गुणांक बरोबर आहे की नाही हे शिक्षकांना पडताळताच येत नाही, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने २०१७ मध्ये सुनावणीयोग्य ठरवला. त्याच वर्षी तडजोड झाली.

पाहणीतल्या कोड्याचे उत्तर इथे सापडते, असे मला वाटते. सारखी वागणूक पुरेशी नसते. निर्णयामागचे कारण कळावे आणि तो चुकीचा असेल तर दाद मागता यावी, ही माणसाची अपेक्षा असते. गणितात नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण विचारतो, "रीत कुठे आहे?" हाच प्रश्न यंत्रालाही विचारायला हवा.