पास म्हणजे काय?

‘पास’ हे इंग्रजी क्रियापद. आपल्या बोलण्यात ते मिठासारखे मिसळले आहे. मुलगी दहावी पास होते. नंदुरबारहून सुरतेची गाडी पास होते. पुढे जाणे, हाच मूळ अर्थ. टाइमपासचे आम्ही काय सांगावे!

पण ‘कर्ज पास झाले’ असे कानी आले, तर लगेच उधारीने बियाणे आणू नका. फक्त मंजुरी मिळाली. पैसा अजून बँकेतच आहे. आधी पासबुकात रक्कम जमा झालेली पाहा. पासबुक म्हणजे बँक आणि खातेदार यांच्यात ये-जा करणारे पुस्तक.

ग्रामसभेतही ठराव पास होतो. अक्कलकुवा, धडगाव भागात १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. गावविकासाची योजना राबवण्याआधी ती ग्रामसभेने मंजूर करावी लागते. म्हणून ठराव पुरता वाचून घ्यावा. बँकेत कर्ज साहेब पास करतात. इथे हात वर करून पास करणारे आपणच.