एका किताबाची वाटणी

हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळामागं काळ्या कातळात बामणघळ आहे. भरतीचं पाणी त्या चिंचोळ्या भेगेत घुसतं, आत कोंडतं आणि तोफ डागल्यासारखा आवाज करत वर उसळतं. लहानपणी आजोबा मला तिथं घेऊन जात आणि प्रत्येक उसळीला म्हणत, "सरखेलांचा बार!" सरखेल म्हणजे कोण, हे मी त्यांना खूप उशिरा विचारलं. "आंग्रे," ते म्हणाले, "पण कुठले आंग्रे ते तूच शोध." तो शोध मला गेली तीस वर्षं पुरला आहे. ऑक्टोबरात भातकापणी उरकली की एखाद्या किल्ल्याची वाट धरायची, हा नेम मी अजून मोडलेला नाही.

आधी शब्दाचंच सांगतो, कारण मला त्याचं विलक्षण वेड आहे. 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खैल' म्हणजे टोळी, घोडदळाचा जथा. घोडेस्वारांच्या म्होरक्याचं हे फारसी नाव कोकणात आलं आणि आरमाराच्या प्रमुखाला चिकटलं. घोड्यावरचा शब्द गलबतावर चढला! या घराण्याचा दुसरा किताब 'वजारतमाब'. वजारत म्हणजे वजिरी आणि माब म्हणजे आसऱ्याचं ठिकाण. हे दोन शब्द एका घरात होते तोवर कोकणच्या किनाऱ्यावर त्या घराला तोड नव्हती. दोन भावांत ते वाटले गेले आणि पुढच्या वीस-एकवीस वर्षांत अर्धं घर जळून गेलं. माझ्या मते आंग्र्यांचा खरा इतिहास या वाटणीतच आहे.

कान्होजींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. घराणं मूळचं सपकाळ किंवा संकपाळ असल्याचं सांगतात. अंगरवाडी या गावावरून आंग्रे नाव पडलं. राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल झाले. १७१३ मध्ये शाहू महाराजांच्या वतीनं बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी तह केला. त्यात दहा जंजिरे, सोळा गड आणि सरखेली हे सारं त्यांच्याकडे कायम झालं. त्या दहांत कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग होते, आणि आमच्या तवसाळच्या तरीवरून समोर दिसणारा जयगडही होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले.

त्यांच्यानंतर थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्येच तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तंटा लागला. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा बळकावला आणि येसाजी या भावाचे डोळे काढले. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी केली ती अशी: कुलाबा मानाजींकडे, किताब वजारतमाब, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे, किताब सरखेल. या निवाड्याच्या मोबदल्यात राजमाची आणि कोथळा हे घाटमाथ्यावरचे किल्ले मानाजींकडून पेशव्यांकडे गेले.

या निवाड्याचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे शेत वाटलं जातं, विहिरीचं पाणीही पाळीनं वाटलं जातं. पण आरमार ही वाटायची वस्तू नव्हे. इथं मला इंग्लंडातल्या नॉर्थंबरलंडच्या पर्सी घराण्याची आठवण येते. १३७७ मध्ये त्यांना अर्लपद मिळालं. पुढं राजाविरुद्ध बंड झालं, पहिल्या अर्लचा थोरला मुलगा हॉटस्पर १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत पडला आणि पद जप्त झालं. १४१६ मध्ये ते नातवाला परत मिळालं. १४६१ च्या टाउटनच्या लढाईनंतर पुन्हा गेलं, काही वर्षं जॉन नेव्हिल या परक्याकडे राहिलं आणि १४७० मध्ये पुन्हा पर्सींकडे आलं. गेलं तेव्हा अख्खं गेलं, आलं तेव्हा अख्खं आलं. एकाच मुलाकडे सगळं देण्याच्या त्या रिवाजात धाकट्यांवर अन्याय होता, हे मला मान्य आहे. पण त्यामुळं घराण्याची ताकद एका मुठीत राहिली.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे, संभाजींनंतर सरखेल झालेल्या त्यांच्या भावाकडे, तुळाजींकडे येतो. त्यासाठी हेदवीहून उत्तरेला अंजनवेलला जायला हवं. वाशिष्ठीच्या मुखावरचा हा किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. सिद्दी सात हा इथला अंमलदार. त्याच्यासाठी सावनूरहून एक हत्ती येत होता. तो ब्रह्मेंद्रस्वामींच्या खटपटीनं मिळाला होता, पण वाटेत आंग्र्यांच्या चौकीवर अडकला. स्वामींनीच हत्ती आंग्र्यांना दिला, असा सिद्दीचा समज झाला आणि १७२७ मध्ये त्यानं स्वामींचा मुक्काम असलेलं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. एका हत्तीपायी एवढं घडलं! १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तरी अंजनवेल पडलं नाही. बाजीरावांच्या माणसांनी वर्षानुवर्षं खटपट केली. शेवटी ते घेतलं तुळाजींनी, १७४५ मध्ये. अंजनवेलचा गोपाळगड झाला आणि आत खाडीवरच्या गोवळकोटचा गोविंदगड.

गोपाळगडावर मी किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. जमिनीच्या बाजूला कातळात खोदलेला खंदक आहे, आत आंब्याची बाग आहे आणि तटावर उभं राहिलं की पलीकडे दाभोळ. पहिल्या खेपेला खंदकाच्या काठी बसून मी डबा खाल्ला आणि एवढंच मनात आलं, की हा खंदक ओलांडणारा माणूस साधा चाचा नसणार. इंग्रजांच्या लिखाणात मात्र तुळाजी चाचेच. आपल्या दस्तकाशिवाय या पाण्यातून जाणारं जहाज ते धरीत. पण पोर्तुगीजही परवाने विकत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. तुळाजींनी १७४९ मध्ये इंग्रजांचं 'रेस्टोरेशन' हे जहाज धरलं आणि १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांचा निकाल लावला. दोष त्यांचाही होता, आणि तो मी झाकणार नाही. पेशव्यांचा वसूल ते देत नव्हते, आणि शेजारच्या मुलखाला त्यांचा जाच होता.

नानासाहेब पेशव्यांनी मग इंग्रजांशी करार केला. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव जमिनीवरून आणि कमोडोर जेम्स समुद्रातून, असे दोघे निघाले. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. मागोमाग अंजनवेलही पेशव्यांच्या फौजांनी घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर उभे राहिले. किल्ल्याखाली आंग्र्यांची सगळी गलबतं, गुराबा एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतच ते धरलेलं 'रेस्टोरेशन' होतं. एक गोळा नेमका त्यावर पडला. तिथून आग पसरली आणि सारं आरमार जळालं. तुळाजी त्याआधीच पेशव्यांच्या छावणीत गेले होते. इंग्रजांनी त्यांची मागणी केली, पण पेशव्यांनी दिलं नाही. पुढचं सगळं आयुष्य वेगवेगळ्या किल्ल्यांवर कैदेत गेलं. विजयदुर्गात पेशव्यांनी आरमाराचा सुभा केला आणि तो धुळप घराण्याकडे गेला.

या साऱ्यात मानाजी कुठं होते? कुलाब्याला. वजारतमाबांनी सरखेलांसाठी एकही गलबत सोडलं नाही. विजयदुर्गाच्या तटावर गेलो की माझं मन दर वेळी या एका गोष्टीवर अडतं.

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. मानाजींचे पुत्र रघुजी यांनी १७५९ मध्ये किल्ल्यात गणपतीचं पंचायतन बांधलं. ओहोटीला चालत जाऊन मी त्याच्या पायरीशी बसतो, तेव्हा मला आमच्या हेदवीचा दशभुज गणपती आठवतो. तेही देऊळ पेशवाईतलंच, केळकरस्वामींनी बांधलेलं. पुढं कुलाब्यातही भाऊबंदकी झाली आणि शिंद्यांच्या पदरचे बाबूराव आंग्रे येऊन मालक झाले. १८२२ च्या तहानं संस्थान कंपनीच्या हाताखाली गेलं. दुसरे रघुजी डिसेंबर १८३८ मध्ये वारले, आणि त्यांचं तान्हं मूल, नाव कान्होजीच, पुढच्याच वर्षी गेलं. घरच्या बायकांनी दत्तक मागितला, पण कंपनीनं तो नाकारला. १८४० मध्ये कुलाबा खालसा झाला. दत्तक नाकारणारा म्हणून गाजलेला डलहौसी हिंदुस्थानात येण्याआधी आठ वर्षं!

किताब मात्र बुडाला नाही. ग्वाल्हेरच्या सरदार आंग्र्यांच्या घरात तो चालू राहिला. जिथून समुद्र शेकडो मैल लांब, तिथं 'वजारतमाब सरखेल' ही दोन्ही बिरुदं पुन्हा एकाच नावामागं लागली. १९५१ पासून मुंबईतल्या नौदलाच्या तळालाही 'आय. एन. एस. आंग्रे' हे नाव आहे.

ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी एवढं सांगतो. दिवाळीनंतर समुद्र निवळतो. भरतीची वेळ गावात विचारून बामणघळीवर या, पण शेवाळलेल्या कातळावर पुढं जाऊ नका. मग तवसाळला जाऊन फेरीबोटीत बसा आणि इकडच्या-तिकडच्या गप्पा सोडून समोर पाहत राहा. बोट खाडीच्या मध्यावर आली की जयगडाचा बुरूज स्पष्ट दिसू लागतो. १७१३ च्या यादीतल्या दहा जंजिऱ्यांपैकी हा एक.