गाडी हवी की आठवण?

गोठ्यामागे आजोबांची जीप गंजत पडली आहे? भंगारात देण्याआधी बंगळुरूच्या जे. सी. रोडवर एक चक्कर माराच! मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे.

पण घाई नको. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या प्रवासी मोटारीला २०,००० रुपये भरून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मालवाहू पिकअपला मात्र नाही. अट अशी, की सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचेच हवे. पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवले, की हा मान गेलाच! शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही.

म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून ठरवा : शेतावर राबणारी जीप हवी, की आजोबांची आठवण?