आवाज कुठून आला?

डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणालाही खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा. तुमचं बोट अचूक त्याच दिशेला जाईल. रोजचंच असल्यामुळे त्यात काही विशेष आहे हे जाणवत नाही, पण ही कमाल आहे.

उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी कळतो, डाव्या कानाकडे जाताना त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. या वळशाला फार तर ०.७ मिलिसेकंद लागतात. सरावलेले कान तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही पकडतात. गंमत अशी, की मज्जातंतूतला एक विद्युतसंदेशच सुमारे १ मिलिसेकंद टिकतो. म्हणजे एका संदेशाच्या शंभराव्या हिश्शाएवढा काळ मेंदूला मोजता येतो! मेंदूच्या तळाशी दोन्ही कानांचे संदेश एकत्र येतात, तिथे हा हिशेब होतो. दुसरी खूण जोराची. डोकं आडवं आल्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज पलीकडच्या कानाला २० डेसिबलपर्यंत मंद ऐकू येतात. खालच्या पट्टीला वेळेचा फरक, वरच्या पट्टीला जोराचा, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली.

आता ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवलं जाणारं कॉक्लिअर इम्प्लांट घेऊ. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे पट्टीनुसार भाग पाडतो आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेल्या चकतीतून ते त्वचेखाली पाठवतो. तिथून शंखासारख्या वळणदार कॉक्लिआत सरकवलेली नाजूक तार थेट मज्जातंतूला विजेचे ठोके देते. निरोगी कानात हे काम साडेतीन हजारांच्या आसपास केसपेशी करतात, तारेवर मात्र १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर अनेक जण फोनवर बोलतात, हेच मला अद्भुत वाटतं.

१९९६ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये दोन्ही कानांना इम्प्लांट देऊन पाहिलं गेलं. फायदा झालाच. बोलणारा कोणत्याही बाजूला असो, एक कान त्याच्याकडे असतो. गोंगाट एका बाजूने असेल तर दुसरा कान वाचतो. आवाजाची दिशाही एका कानापेक्षा खूप चांगली कळते. तरी नैसर्गिक कानांची अचूकता येत नाही, आणि त्याचं कारण यंत्राच्या रचनेत आहे. बहुतेक प्रोसेसर आवाजाच्या जोराचा चढउतार पाठवतात, त्याच्या लहरींमधली बारीक वेळ गाळून टाकतात. दोन प्रोसेसर सहसा आपापल्या घड्याळावर चालतात, त्यामुळे ठोके एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय दोन तारा दोन कानांत सारख्याच खोलीवर बसतील असं नाही, म्हणून डावीकडचा पाचवा इलेक्ट्रोड आणि उजवीकडचा पाचवा वेगवेगळ्या पट्टीचे असू शकतात. मेंदूकडे उरतो तो मुख्यतः जोराचा फरक, आणि मोठे आवाज आपोआप दाबणारी यंत्रणा दोन्ही बाजूंना सहसा स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे तोही पुसट होतो.

मग वेळेचा हिशेब कायमचा गेला का? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रुथ लिटोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड एकाच घड्याळाला जोडून, जुळवून घेतलेले ठोके दिले. मोठेपणी बहिरेपण आलेल्यांना वेळेचा फरक कळला. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून ऐकू न येणाऱ्यांना तो जवळजवळ कळला नाही, जोराचा फरक मात्र कळला. म्हणजे वेळ मोजण्याची कला लहानपणी आवाज ऐकूनच पक्की होत असावी. बाळाला एकाच कानाने बरीच वर्षं ऐकू येत राहिलं तर मेंदू त्या कानाकडे झुकतो, आणि उशिरा मिळालेला दुसरा कान मागे पडतो. म्हणूनच अनेक देशांत लहान मुलांना दोन्ही इम्प्लांट एकाच वेळी देण्याकडे कल आहे.

सगळ्यांना दोन इम्प्लांट लागतात असंही नाही. दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर तिथे साधं श्रवणयंत्र लावतात. खालच्या पट्टीचे सूर आणि बोलण्यातल्या सुराचे चढउतार, जे इम्प्लांटला नीट जमत नाहीत, ते त्या कानातून मिळतात. मेंदू अर्धं विजेचं आणि अर्धं हवेतून आलेलं ऐकणं जोडून एकच वाक्य बनवतो!

तुमच्या ओळखीत कुणाला एकाच कानात इम्प्लांट असेल तर त्या बाजूला बसून बोला, आणि बोलताना टीव्ही बंद ठेवा. बाळ आवाजाला दाद देत नाही अशी शंका आली तर 'बोलेल उशिरा' म्हणत थांबू नका, लगेच श्रवणचाचणी करून घ्या.