बटणाचा हॅण्डब्रेक अडकला तर…

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बदलापूरला आमच्या शेजारच्या मुलाची गाडी तीन दिवस पावसात उभी होती. पहाटे त्याच्या आईला डायलिसिससाठी उल्हासनगरला न्यायचे होते. सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. धक्का मारायला चौघे जमलो, पण मागची चाके हलेनात! "काका, बटण दाबतोय, पण ब्रेक सुटतच नाही," पोरगा रडकुंडीला आला. आम्ही आधी रिक्षा बोलावून मायलेकांना पाठवले. माणूस आधी, गाडी नंतर.

अंबरनाथच्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितले, "मागचे कॅलिपर बदलावे लागतील." म्हणजे हजारोंचा खर्च. दुपारी दुसऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडली आणि ब्रेक क्षणात सुटला. दोष बॅटरीचा होता!

जुन्या हॅण्डब्रेकला तार असते, ती हाताने ओढायची. बटणाच्या ब्रेकमध्ये बहुधा मागच्या चाकांजवळ छोटी मोटर असते. तीच पॅड दाबते आणि तीच सोडते. वीज नसेल तर ती सोडणार कशी?

म्हणून वाचकहो, घाबरू नका. क्रमाने पाहा. आधी चाकांना दगड किंवा वीट लावा. किल्ली चालू करा, दार बंद करा, पट्टा लावा, पायाचा ब्रेक घट्ट दाबून मग बटण दाबा. तरी सुटला नाही तर बॅटरी तपासा. उभ्या गाडीत ती सुमारे साडेबारा व्होल्ट हवी, बारांच्या खाली गेली तर कमजोर समजा. मग फ्यूज पाहा.

दिवा गेला तरी चाक हलत नसेल, तर पावसाने पॅड डिस्कला गंजून चिकटले असतील. गाडी हळूच पुढे-मागे करा. जोर करू नका. दिवा लुकलुकत राहिला तर बिघाड आहे, जाणकार मिस्त्रीच हवा. अडकलेली चाके फरफटत टोचन करू नका, गाडी उचलून न्या.

आणि सपाट जागेवर, पावसात गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकांना विटा लावा आणि ब्रेक सोडून ठेवा. खर्चाला हो म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा : "बॅटरी तपासली का?"