सममितीचे अक्ष

कागदावर काढलेली एखादी आकृती कातरून घेतली आणि ती एका सरळ रेषेवर अशी दुमडली की तिचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसला, तर त्या रेषेला त्या आकृतीचा सममिती-अक्ष म्हणतात. दुमडीच्या जागी आरसा उभा धरला तरी हाच अनुभव येतो. आरशापुढील अर्धी आकृती आणि तिचे प्रतिबिंब मिळून मूळची पूर्ण आकृती सिद्ध होते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर, आकृतीतील प्रत्येक बिंदूला अक्षाच्या पलीकडे एक जोडीदार बिंदू असतो. दोहोंना जोडणारा रेषाखंड अक्षाला लंब असतो व अक्ष त्याचे दोन समान भाग करतो. अक्षावरील बिंदू मात्र स्वतःचेच जोडीदार होत.

एखाद्या रेषेने आकृतीचे दोन समान भाग झाले म्हणजे ती रेषा अक्ष ठरते, असा समज पुष्कळदा आढळतो. पण तो खरा नाही. १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असा आयताकृती कागद घेऊन तो कर्णावर दुमडावा. कर्णाने झालेले दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत, यात संशय नाही. तरीही दुमडल्यावर एका त्रिकोणाचा कोपरा दुसऱ्याच्या बाहेर राहतो. एकाला दुसऱ्याच्या जागी नेण्यासाठी त्याला आयताच्या मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा द्यावा लागतो. आयताचे खरे अक्ष दोनच : समोरासमोरील बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषा. समभुज चौकोनाचे याच्या उलट आहे. त्याचे दोन कर्ण हेच त्याचे अक्ष. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही, म्हणून त्याला चारही अक्ष लाभतात. सर्वसाधारण समांतरभुज चौकोनाला मात्र एकही अक्ष नाही. मग त्याच्या मध्यातून जाणारी प्रत्येक रेषा त्याचे दोन एकरूप भाग करीत का असेना!

त्रिकोणाचे अक्ष किती असू शकतील? विषमभुज त्रिकोणाला एकही नाही, समद्विभुज त्रिकोणाला एक व समभुज त्रिकोणाला तीन. नेमके दोन अक्ष असलेला त्रिकोण मात्र संभवत नाही. याचे कारण असे : दुमडताना शिरोबिंदूंच्या जोड्या जुळतात आणि शिरोबिंदू तीन असल्याने एक तरी अक्षावरच राहतो. अबक या त्रिकोणाचा एक अक्ष अ मधून गेला, तर अब व अक या बाजू समान ठरतात. दुसरा ब मधून गेला, तर बअ व बक समान ठरतात. म्हणजे तिन्ही बाजू समान झाल्या आणि तिसरा अक्ष आपोआप आला.

अक्षांची ही मोजदाद केवळ मनोरंजनासाठी नाही. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात, हे युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास सिद्ध केले. त्यासाठी त्याने बाजू वाढवून आणखी त्रिकोण रचले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने एकही नवी रेषा न काढता तेच सिद्ध केले. अब व अक समान असलेला अबक हा त्रिकोण त्याने अकब या क्रमाने पुन्हा वाचला आणि दोन्ही वाचने एकमेकांशी ताडून पाहिली. बाजू समान, त्यांमधील कोन तोच. तेव्हा ब व क हे कोनही समान असलेच पाहिजेत. त्रिकोण अक्षावर उलटून पाहण्याचीच ही तर्कशुद्ध रीत होय.

सर्व बाजू व सर्व कोन समान असलेल्या बहुभुजाकृतीला जितक्या बाजू तितकेच अक्ष असतात. बाजूंची संख्या विषम असेल, तर प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून समोरील बाजूच्या मध्याकडे जातो. ती सम असेल, तर निम्मे अक्ष समोरासमोरील शिरोबिंदूंतून व निम्मे समोरासमोरील बाजूंच्या मध्यांतून जातात. बाजू वाढत गेल्या की आकृती वर्तुळाच्या जवळ येते. वर्तुळाला तर अगणित अक्ष असतात, कारण त्याच्या मध्यातून जाणारी प्रत्येक रेषा अक्षच असते.

भारताच्या राष्ट्रध्वजात या दोन्ही प्रकारच्या आकृती एकत्र आल्या आहेत. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेल्या या ध्वजाची लांबी व रुंदी ३:२ या प्रमाणात असते व मध्यभागी २४ आऱ्यांचे चक्र असते. एकट्या चक्राला २४ अक्ष आहेत : बारा आऱ्यांवरून जाणारे व बारा दोन आऱ्यांच्या मधून जाणारे. परंतु ध्वजाची चौकट आयताकृती असल्यामुळे त्यांतील दोनच, एक उभा व एक आडवा, टिकतात. आता रंगही विचारात घ्यावेत. आडव्या अक्षावर ध्वज दुमडला, तर केशरी पट्टा हिरव्यावर येतो. म्हणून तोही अक्ष बाद होतो आणि केवळ उभा अक्ष शिल्लक राहतो. आकृतीचे अक्ष मोजण्यापूर्वी तिच्यातील काय काय जुळले पाहिजे, हे प्रथम ठरवावे लागते, ते याचसाठी.